उदेपूरचें सरोवर आणि मराठी प्रवासी



तळ्याकाठच्या एखाद्या नामांकित हॉटेलांत उतरणारा प्रवासी बहुधा दोनच प्रश्न विचारतो. येथें यावयाचें कसें, आणि आसपास पाहण्यासारखें काय आहे? हॉटेलाच्या माहितीपत्रकांत या प्रश्नांचीं उत्तरें दोन निरनिराळ्या सदरांखालीं छापलेलीं असतात. उदेपूर शहराच्या बाबतींत मात्र हीं दोन सदरें वेगळीं करतां येत नाहींत. कारण त्या शहरांत जें जें पाहण्यासारखें आहे, त्यांतील बरेंचसें, तेथें परक्याला सहज पोंचतां येऊं नये या हेतूंतून, अथवा पोंचलेल्या माणसाला कसें वागवावें या विवंचनेंतून निर्माण झालेलें आहे.

पिचोला सरोवराच्या मध्यभागीं जगनिवास नांवाचा जो शुभ्र महाल आज हॉटेल म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, त्याच्या गच्चीवर उभें राहून चहूंकडे नजर फिरविली, तर दिसणाऱ्या स्थळांपैकीं कित्येकांशीं महाराष्ट्राचा संबंध आलेला आहे. कधीं पाहुणा म्हणून, कधीं खंडणीदार म्हणून, तर कधीं वेढा घालणारा शत्रु म्हणून. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत हा संबंध फारसा आढळत नाहीं, आणि आमच्या शाळांतील इतिहासांतहि तो एखाद्या ओळींत उरकला जातो. तो संबंध स्थळांच्या आधारानें आज आपणांपुढें मांडावा असा विचार आहे.

प्रथम भूगोल पाहूं. अरवली पर्वताच्या रांगांनीं वेढलेल्या परातीसारख्या एका खोऱ्यांत उदेपूर वसलेलें आहे. या खोऱ्याला गिरवा असें म्हणतात. पूर्वीं त्यांत शिरावयाचें तर डोंगरांतील मोजक्या खिंडींतूनच शिरावें लागे. पूर्वेची मुख्य खिंड देबारीची, आणि तेथें तट व दरवाजा बांधून वाट अडविलेली होती. मेवाडची जुनी राजधानी चितोड हिची स्थिति अगदीं उलट. चितोडचा डोंगर मैदानांत एकटा उभा आहे. त्याला वेढा घालणें कष्टाचें, परंतु अशक्य नव्हे. १५६७ च्या ऑक्टोबरांत अकबरानें तो घातला, आणि १५६८ च्या फेब्रुवारींत किल्ला पडला. महाराणा उदयसिंहानें या संकटापूर्वींच गिरव्याचें खोरें हेरून ठेविलें होतें. १५५९ च्या सुमारास त्यानें तेथें नव्या राजधानीची उभारणी सुरू केली, व तिला त्याचेंच नांव मिळालें. ज्या शहराच्या जन्मालाच दुर्गमता कारण झाली, तें हें शहर.

सरोवर मात्र शहराहून जुनें आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, महाराणा लाखा याच्या काळांत, एका बंजाऱ्यानें, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून देशोदेशीं तांडे नेणाऱ्या लमाणानें, येथें ओढ्यावर बांध घातला अशी परंपरा आहे. जवळच्या पिचोली या खेड्यावरून तळ्याला पिचोला हें नांव पडलें. पुढें उदयसिंहानें हा बांध वाढवून भक्कम केला व तळ्याचा विस्तार मोठा झाला. रस्त्यावर आयुष्य घालविणाऱ्या एका वाटसरूनें घातलेला बांध, आणि त्याच्या पाण्याचा आश्रय घेऊन वसलेली राजधानी, असा हा योग आहे.

या पाण्याची वाटहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पिचोला, त्याला लागून स्वरूपसागर, आणि उत्तरेस फत्तेसागर, हीं तळीं एकमेकांना जोडलेलीं आहेत. तीं भरून वाहूं लागलीं म्हणजे जादा पाणी आहाड नदींतून उदयसागरास मिळतें, तेथून तें बेडच या नांवानें चितोडच्या पायथ्याकडे जातें, आणि बनास, चंबळ, यमुना असें करीत अखेर गंगेला व पूर्व समुद्राला पोंचतें. नवी राजधानी जुन्या राजधानीला आपलें उरलेलें पाणी अजून पाठवीत असते, असें म्हटलें तरी चालेल.

आतां महालाच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहूं. पाण्याच्या कडेलाच राजवाड्याची प्रचंड भिंत उभी आहे. लांबी सुमारें ८०० फूट व उंची सुमारें १०० फूट. उदयसिंहापासून पुढें अनेक महाराण्यांनीं आपापल्या काळांत त्यांत भर घातली. त्रिपोलिया दरवाज्याजवळ संगमरवरी तोरणांची एक ओळ आहे. तेथें महाराण्यांची सोन्यारुप्यानें तुला होऊन तें द्रव्य वांटलें जाई. मोरचौकांतील रंगीत कांचांचे मोर एकोणिसाव्या शतकांतील सज्जनसिंहाच्या वेळचे. वाड्याच्या शिरोभागीं झाडांची एक बाग आहे. इतक्या उंचावर बाग कशी राहिली असें पाहणाऱ्याला वाटतें. खरें पाहतां ती टेकडीच्या माथ्यावरच आहे, आणि वाडा त्या टेकडीला वेढून बांधलेला आहे. १९६९ पासून या वाड्याच्या मोठ्या भागांत वस्तुसंग्रहालय आहे. वाड्यापासून हांकेच्या अंतरावर जगदीशाचें देऊळ आहे. तें पहिल्या जगत्सिंहानें १६५१ सालीं पुरें केलें. १६८० सालीं औरंगजेबाची फौज गिरव्यांत उतरली तेव्हां या देवळाची बरीच नासधूस झाली, व पुढें त्याचा जीर्णोद्धार करण्यांत आला. डोंगरांच्या तटबंदीलाहि मर्यादा असते, याची ती साक्ष होय.

दक्षिणेकडे तळ्यांत दुसरें एक बेट दिसतें. तें जगमंदिर. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढील शहाजहान बादशहा, यानें आपल्या बापाविरुद्ध बंड केलें, तेव्हां महाराणा कर्णसिंहानें त्याला आश्रय दिला; बेटावरील गोल महालाशीं त्याच्या मुक्कामाची आठवण जोडलेली आहे. याच खुर्रमानें त्यापूर्वीं थोड्याच वर्षांमागें मेवाडवर फौज आणून १६१५ सालीं महाराणा अमरसिंहाला तह करावयास लाविलें होतें. काल जिंकावयास आलेला मनुष्य आज आसऱ्यास आला, आणि त्याला तो मिळाला. उदेपूरच्या इतिहासांत हा प्रकार पुन्हां पुन्हां घडलेला दिसेल.

पाण्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगून मग मराठ्यांकडे वळतों. उदेपुरास वर्षाला सरासरीनें सुमारें २५ इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व तीन महिन्यांत पडून जातो. त्यामुळें मेवाडांत तळें बांधणें हें राजाचें कर्तव्यच समजलें जाई. १६६१-६२ च्या दुष्काळांत महाराणा राजसिंहानें उदेपूरच्या उत्तरेस सुमारें ४० मैलांवर राजसमंद हें तळें बांधावयास घेऊन उपाशी लोकांना काम दिलें; तें १६७६ सालीं पुरें झालें. त्याच्या बांधावर पंचवीस शिळांवर कोरलेली राजप्रशस्ति आजहि वाचावयास मिळते. त्याचा पुत्र जयसिंह यानें जयसमंद बांधला. आज प्रवासी ज्यांना रमणीय सरोवरें म्हणून पाहतात, त्यांपैकीं एकाच्या बांधाखालीं अशी भुकेची कहाणी आहे.

आतां १७३४ साल घेऊं. मराठ्यांच्या फौजा माळव्यांतून राजपुतान्याच्या सीमेवर येऊन पोंचल्या होत्या. त्यांना आवरावें कसें याचा विचार करण्यासाठीं राजपूत राजे त्या वर्षाच्या जुलैंत मेवाडांतील हुरडा या गांवीं जमले. या बैठकींत अग्रस्थान होतें उदेपूरच्या दुसऱ्या जगत्सिंहाला. मराठ्यांविरुद्ध एक होण्याच्या आणाभाका झाल्या.

आणि त्यानंतर वर्षहि उलटलें नव्हतें, तोंच १७३५ च्या मे महिन्यांत पुण्याहून एक वृद्ध विधवा स्त्री मोठा लवाजमा घेऊन उदेपुरास आली. ती थोरल्या बाजीरावाची आई, मातुश्री राधाबाई. फेब्रुवारींत त्या पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या होत्या. पुण्याहून उदेपुरास पोंचावयास त्यांना तीन महिने लागले. वाटेंत नर्मदेसारख्या नद्या, घाट आणि माळव्यांतील उन्हाळा. बरोबर शेंकडों माणसें, बैल, पालख्या. ज्यांच्याविरुद्ध हुरड्यास शपथा घेतल्या, त्यांच्याच सेनापतीची आई आपल्या दारांतून चालली आहे, अशा वेळीं महाराण्यानें काय करावें? त्यानें त्यांचा राजमातेला शोभेल असा सत्कार केला. तेथून त्या नाथद्वाऱ्यास श्रीनाथजीचें दर्शन घेऊन जयपुरास गेल्या, तेथें सवाई जयसिंहानेंहि त्यांचा मान राखला. आणि पुढें मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी, गया करून १७३६ सालीं त्या सुखरूप पुण्यास परतल्या. सबंध यात्रेस वर्षाहून अधिक काळ लागला.

या यात्रेंत राजकारण नव्हतें असें म्हणणें भोळेपणाचें होईल. आई परराज्यांतून फिरते आहे, म्हणजे ती राज्यें मुलाशीं कशीं वागणार आहेत याची चांचणीच होती. आणि राजपूत राजांच्या आदरांतहि भीतीचा अंश असणारच. परंतु एवढें धरूनहि एक गोष्ट उरते. यात्रेकरूला वाट मोकळी असावी हा संकेत दोन्ही पक्षांनीं पाळला. महाराष्ट्रांतून उदेपुरास गेलेल्या प्रवाशांत ज्यांची नोंद आपल्याला अभिमानानें सांगतां येते, त्यांत राधाबाईंचें नांव पहिलें.

त्यांच्या पाठोपाठ १७३६ च्या प्रारंभीं खुद्द बाजीराव उदेपुरास गेला. दरबारांत महाराण्यानें त्याच्यासाठीं बरोबरीचें आसन मांडलें असतां तो त्यावर न बसतां खालच्या बाजूस बसला, अशी हकीकत आहे. मेवाडच्या गादीविषयीं मराठ्यांच्या मनांत विशेष आदर होता. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं भोसल्यांचें कुळ याच सिसोदिया वंशाशीं जोडलें गेलें होतें. त्या वंशावळीविषयीं संशोधकांत वाद आहे, परंतु ती श्रद्धा त्या काळीं खरी होती. आदर असला तरी खंडणी सुटली नाहीं. महाराण्यानें वर्षास १,६०,००० रुपये द्यावे असें ठरलें. या भेटीसंबंधीं दुसरीहि एक कथा सांगतात. पेशव्याला तळ्यांतील महाल दाखविण्याचा बेत झाला, तेव्हां तेथें दगा होणार असें कोणीसें त्याच्या कानांत घातलें व तो संतापला. हा महाल म्हणजे जगमंदिर. आजचें हॉटेल ज्या इमारतींत आहे ती तेव्हां उभी नव्हती. कथा खरी असो वा नसो, बेटावर पाहुणा म्हणून जाणें म्हणजे यजमानाच्या हातीं आपला जीव देणें होय, ही जाणीव तींत आहे. होडी परत केव्हां न्यावयाची हें यजमान ठरवितो.

जगनिवास बांधला तो याच दुसऱ्या जगत्सिंहानें, १७४३ ते १७४६ या तीन वर्षांत. राजपुत्र असतांना त्यानें जगमंदिरांत राहावयास जाण्याची परवानगी मागितली, तेव्हां बापानें “हौस असेल तर स्वतःचा महाल बांध” अशा अर्थाचा टोमणा मारला, आणि पुढें त्यानें तो खराच बांधला, असें सांगतात. तेव्हां ध्यानांत येईल कीं, मराठ्यांची खंडणी सुरू झाल्यावर सात वर्षांनीं या विलासमंदिराचा पाया पडला. तिजोरीला गळती लागली असतांच राजाला पाण्यावर महाल बांधण्याची इच्छा व्हावी, यांतील शोकांतिका मेवाडला पुढील पाऊण शतक भोगावी लागली.

या शोकांतिकेचें मुख्य प्रकरण पाहावयाचें तर होडीनें गणगौर घाटावर यावें. घाटाला लागूनच बागोर की हवेली आहे. तेथें आज पश्चिम विभागीय सांस्कृतिक केंद्राचें संग्रहालय आहे, आणि संध्याकाळीं राजस्थानी लोकनृत्यें होतात. परदेशी आणि मुंबई-पुण्याकडील प्रवासी तीं मोठ्या कौतुकानें पाहतात. ही हवेली ज्यानें बांधली तो अमरचंद बडवा हा मेवाडचा दिवाण होता, आणि १७६९ सालीं महादजी शिंद्याच्या वेढ्याला तोंड देणारा पुरुष तोच.

महाराणा अरिसिंह याच्या गादीवर रत्नसिंह नांवाच्या प्रतिस्पर्ध्यानें हक्क सांगितला. रत्नसिंहाच्या पक्षानें मोठ्या रकमेचें वचन देऊन महादजीला बोलाविलें. १७६९ च्या जानेवारींत उज्जैनीजवळ क्षिप्रेच्या कांठीं लढाई होऊन मेवाडचा पराभव झाला, आणि मराठी फौज देबारीची खिंड ओलांडून उदेपुरासमोर आली. कर्नल टॉडनें आपल्या राजस्थानच्या इतिहासांत या वेढ्याची हकीकत दिली आहे. शहराच्या तीन बाजूंना मोर्चे बसले, परंतु पश्चिमेस तळें असल्यामुळें ती बाजू बंद करतां आली नाहीं. त्या वाटेनें डोंगरांतील भिल्ल शहराला रसद पोंचवीत राहिले. पगार थकलेले सिंधी शिपाई बिथरले होते; अमरचंदानें राजवाड्यांतील सोन्याचांदीचीं भांडीं मोडून त्यांचा पगार चुकविला. शहराच्या दक्षिणेस माछला मगरा म्हणून डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरील एकलिंगगडावर त्यानें ‘दुश्मनभंजन’ नांवाची मोठी तोफ चढविली. आज त्याच डोंगरावर करणीमातेच्या दर्शनाला २००८ पासून रोपवे जातो. पाळण्यांत बसून आपण चार-पांच मिनिटांत वर पोंचतों आणि खालीं तळ्याचें सुंदर दृश्य पाहतों. ज्या मैदानावर ती तोफ रोंखलेली होती, त्या बाजूला आपलेच पूर्वज तळ देऊन होते, हें ठाऊक असलें म्हणजे त्या दृश्याचा अर्थ निराळा होतो.

टॉडच्या सांगण्याप्रमाणें प्रथम सत्तर लाखांवर तह ठरला. पण तह झाल्यावर महादजीनें आणखी वीस लाख मागितले. तेव्हां अमरचंदानें तहाचा कागद फाडून परत धाडला आणि पुन्हां लढण्याची तयारी केली. शहर दमलें नाहीं असें पाहून अखेर महादजीलाच मागें यावें लागलें, आणि साडेत्रेसष्ट लाखांवर तडजोड झाली. अर्थात् ही हकीकत मेवाडचा कैवार घेणाऱ्या लेखकाची आहे. परंतु रकमेचा बोजा खोटा नाहीं. जडजवाहीर, सोनें, चांदी देऊनहि रक्कम पुरी होईना, म्हणून जावद, जीरण, नीमच, मोरवण हे परगणे गहाण पडले, आणि त्यांपैकीं नीमच-जावदचा मुलूख मेवाडला पुन्हां मिळाला नाहीं. आणि अमरचंद? एवढ्या रकमा ज्याच्या हातांतून गेल्या, तो वारला तेव्हां त्याच्या अंत्यविधीपुरताहि पैसा घरांत नव्हता, असें टॉड लिहितो. हवेलींतील नृत्य पाहून उठतांना मराठी माणसानें त्याला मनांतल्या मनांत एक नमस्कार करावा. शत्रूच्या घरचा मोठा मनुष्य ओळखतां येणें हीहि इतिहासाची एक शिकवण आहे.

पुढील चाळीस वर्षें सांगण्यासारखीं नाहींत. शिंदे, होळकर, पेंढारी आणि आपसांत भांडणारे सरदार यांनीं मेवाड धुऊन नेला. १८०६ सालीं दौलतराव शिंद्याची छावणी मेवाडांत होती, तेव्हां तिच्याबरोबरच्या इंग्रज वकिलातींत तरुण टॉड होता, व हा प्रदेश त्यानें तेव्हां प्रथम पाहिला. राजकन्या कृष्णाकुमारी हिच्या विवाहावरून जयपूर व जोधपूर यांचें वैर पेटलें. होळकरांचा जुना साथीदार अमीरखान याच्या दडपणाखालीं १८१० सालीं त्या सोळा वर्षांच्या मुलीला विष देण्यांत आलें. राजवाड्यांत तिच्या नांवाचा महाल अजून दाखवितात. १८१८ च्या जानेवारींत महाराण्यानें इंग्रजांशीं तह केला. मराठ्यांच्या धाकानें जेरीस आलेल्या मेवाडला तो तह सुटकेसारखा वाटला, ही गोष्ट आपल्याला रुचणारी नसली तरी लपविण्यासारखी नाहीं. अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान ज्यानें बाळगावयाचा, त्यानें उदेपूरची ही नोंदहि वहींत ठेविली पाहिजे.

गहाण पडलेल्या नीमचची कथा मात्र येथें संपत नाहीं. शिंद्यांकडे गेलेल्या त्या गांवीं पुढें इंग्रजांनीं लष्करी छावणी वसविली. १८५७ च्या जूनमध्यें त्या छावणींतील पलटणींनीं उठाव केला, आणि तेथील युरोपियन बायकामुलें जीव घेऊन पळालीं. महाराणा स्वरूपसिंहानें त्यांना उदेपुरास आणविलें आणि ठेविलें कोठें, तर जगमंदिराच्या बेटावर. खुर्रमाच्या वेळीं जें बेट आश्रयस्थान झालें, तेंच सव्वादोनशें वर्षांनीं पुन्हां झालें. आश्रय मागणारा कोण आहे, याची पाण्यानें विचारपूस केली नाहीं.

यानंतर दुर्गमतेचा काळ संपत आला. चितोडहून उदेपूरकडे आगगाडीचा रस्ता बांधला गेला. १८९५ सालीं गाडी आली ती देबारीपर्यंत. जेथें पूर्वीं शत्रूला अडवीत, त्याच खिंडीपाशीं प्रथम रेल्वेहि थांबली. तेथून शहर सुमारें सात मैल. १८९९ सालीं रूळ शहराजवळ आले, आणि चितोड ते उदेपूर हा सुमारें ६७ मैलांचा प्रवास कांहीं तासांवर आला. तेव्हां गादीवर महाराणा फत्तेसिंह होता. जयसिंहाच्या काळचें एक जुनें तळें फुटून निकामी झालें होतें. तें त्यानें नव्यानें बांधलें. बांधाच्या पायाचा दगड १८८९ सालीं ड्यूक ऑफ कनॉट यांनीं बसविला. तोच आजचा फत्तेसागर. दुसऱ्या संग्रामसिंहानें वसविलेल्या सहेलियोंच्या बागेंतील कारंजीं या तळ्याच्या उंचीच्या जोरावर, यंत्रावांचून उडत असत, ही त्या काळच्या कारागिरांची करामत होय.

पश्चिमेच्या डोंगरावर जो सज्जनगड दिसतो तो सज्जनसिंहानें १८८४ च्या सुमारास बांधावयास घेतला. पावसाळ्याचे ढग कोठून येतात हें पाहण्यासाठीं उंच मनोरा उभारण्याचा त्याचा मानस होता. पण तो अल्पवयांत वारला, आणि इमारत आंखडती घेऊन फत्तेसिंहानें पुरी केली. या शहराचे डोळे पावसाकडे कसे लागलेले असतात हें त्या गडावरून कळतें. याच्या उलट फत्तेसागरांतील बेटावर १९७५ सालीं स्थापन झालेली सौर वेधशाळा सूर्याकडे पाहत असते. सभोंवतीं पाणी असलें म्हणजे जमीन तापून हवा थरथरत नाहीं, आणि सूर्याचें बिंब स्थिर दिसतें, म्हणून ती तेथें बांधली. तळ्याचा असाहि एक उपयोग, जो बंजाऱ्याच्या किंवा राण्याच्या स्वप्नांतहि आला नसेल.

संस्थान विलीन झाल्यावर एवढे महाल राखावयाचे कसे, हा प्रश्न महाराणा भगवतसिंह यांच्यापुढें उभा राहिला. त्यांनीं १९६३ सालीं जगनिवासाचें हॉटेल केलें. १९७१ पासून त्याची व्यवस्था ताज कंपनीकडे आली. ज्या बेटावर राजाच्या निमंत्रणावांचून पाऊल ठेवतां येत नसे, तेथें दाम मोजून राहतां येऊं लागलें. तरी एक जुना नियम अजून टिकून आहे. हॉटेलांत जावयाचें तर होडीनेंच जावें लागतें.

बाकी सर्व वाटा सोप्या झाल्या आहेत. पूर्वेस डबोकच्या विमानतळावर मुंबईचें विमान दीड तासाच्या आसपास पोंचतें. वांद्र्याहून रेल्वेनें रात्रभराचा व थोडा अधिक प्रवास करून जातां येतें. हिंमतनगरकडील जुना अरुंद मार्ग रुंद होऊन २०२२ च्या ऑक्टोबरअखेर अहमदाबादेहून थेट गाडी सुरू झाली. दिल्ली-मुंबई हमरस्ता तर गिरव्याच्या डोंगरांतूनच जातो. राधाबाईंना जेथें तीन महिने लागले, तेथें आज सकाळीं निघालेला मनुष्य दुपारचें जेवण पिचोल्याकाठीं घेऊं शकतो.

आतां मुद्द्याची गोष्ट सांगतों. शहराला दुर्गमतेनें राखलें तें शत्रूपासून. सुगमतेपासून त्याला कोण राखणार? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं वर्षांत लागोपाठ अवर्षणें झालीं आणि पिचोला आटला. ज्या महालास होडीवांचून जातां येत नसे त्याच्या भोंवतींचा तळ उघडा पडला, गुरें चरूं लागलीं, आणि तळ्याच्या कोरड्या पोटांतून गाड्या गेल्या. महादजीच्या फौजेला जी पश्चिम बाजू बंद करतां आली नाहीं, ती अवर्षणानें उघडी केली. पुढें चांगले पाऊस झाले व तळें पुन्हां भरलें. डोंगरापलीकडील, साबरमतीच्या खोऱ्यांतील पाणी देवास योजनेनें बोगद्यांतून या तळ्यांकडे वळविण्यांत आलें. २०२५ च्या जानेवारींत इंदूर व उदेपूर यांना रामसर करारान्वयें पाणथळ जागा जपणारीं शहरें म्हणून मान्यता मिळाली. भारतांतील अशीं हीं पहिलीं दोन शहरें. ही भूषणाची गोष्ट आहे. परंतु हेंच पाणी शहराच्या नळालाहि जातें. तेथें राहणाऱ्या कुटुंबाचा हंडा आणि आपल्या स्नानाची बादली हीं एकाच तळ्याचीं वांटेकरी आहेत, हें हॉटेलांतील प्रवाशाला कोणी सांगत नाहीं.

महाराष्ट्रांतून उदेपुरास जाणारांच्या इतिहासांत आपण तीन प्रकारचे प्रवासी पाहिले. राधाबाई देवदर्शनाला आल्या आणि यजमानाचा मान राखून गेल्या. बाजीरावानें मान दिला, पण खंडणीहि नेली. महादजीनें नीमच-जावदचा मुलूख नेला. चौथा प्रकार आतां आपला आहे. सुट्टींत हजारों मराठी कुटुंबें त्या शहरांत जातात, दाम मोजतात आणि आनंदानें परत येतात. दाम मोजला म्हणजे सर्व देणें फिटलें, असा समज यांत सहज होतो. साडेत्रेसष्ट लाखांचा हिशेब करणाऱ्यांचाहि समज तसाच पैशांत मोजलेला होता. तळ्याकाठीं उतरणाऱ्या पाहुण्यानें प्रथम हें विचारावें कीं, यंदा येथें पाऊस किती झाला आणि तळें कोठवर भरलें आहे. ‘यावयाचें कसें’ आणि ‘पाहावयाचें काय’ या दोन प्रश्नांच्या आधीं हा तिसरा प्रश्न ज्याला सुचेल, तो राधाबाईंच्या वाटेनें आला असें मी म्हणेन.